मामीचा कान

माझे सारे आयुष्य आवाज मारण्यात गेले. भलता अर्थ घेऊ नका. चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात मी चौतीस वर्षे मोटारींचे आणि मोटारसायकलींचे सायलेन्सर बनवीत होतो. इंजिनातून धुराबरोबर जो धडधडाट बाहेर पडतो त्याला भोकाभोकांच्या नळ्यांतून, आडव्या पडद्यांमधून, कप्प्याकप्प्यांतून फिरवून इतके दमवायचे, की शेपटीतून बाहेर पडेपर्यंत त्याने नुसते पुटपुटावे. हा माझा धंदा. निवृत्त झालो त्या दिवशी शाल आणि श्रीफळ देताना कोणी तरी भाषणात म्हणाले, "यांनी पुण्याला शांतता दिली." रिक्षातून घरी येताना आमची ही म्हणाली, "पुण्याला दिलीत त्यातली थोडी घरी आणली असतीत तर! झोपेत घोरता, त्याला काही बसवता येते का बघा."

आवाज वाढवू पाहणारी माणसे जगात आहेत हे मला ठाऊक होते. सायलेन्सरची आतडी काढून मध्यरात्री गल्लीतून फटफट करीत जाणारे तरुण आपण सगळेच ओळखतो. पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, ती मी मोठ्या समाधानाने पाहतो. गेल्या वर्षी मुलीने विजेवर चालणारी स्कूटर घेतली तेव्हा तर मी पेढे वाटायचाच बाकी राहिलो. इंजिन नाही, धूर नाही, सायलेन्सरची गरजच नाही! हिला मात्र ती स्कूटर पहिल्या दिवसापासून आवडली नाही. का, ते मी कधी विचारले नाही.

अशा मला नवरात्र संपता संपता मामेभावाचा फोन आला.

"दादा, तू आवाजातलो माणूस ना?"

"होय."

"मगे माझ्या मशीनाक आवाज करून दी."

माझे आजोळ देवबागचे. मालवणहून तारकर्लीच्या पुढे गेले की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते. त्या जागेला सगळे 'संगम' म्हणतात. मामाचे घर टोकाच्या जवळच. मामा मासेमारी करी. रापण ओढण्यात तरुणपण गेले आणि पुढे १९९१ साली त्याने होडीच्या मागे टांगायचे आठ अश्वशक्तीचे मशीन घेतले. पुस्तकात त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. देवबागेत ते 'मशीन'. झाकण पहिल्या दोनचार वर्षांतच कुठे तरी गेले. मग ते उघडेबोडके यंत्र पंचवीस वर्षे खोकत, शिंकत, तडतडत राहिले.

सुटीत आजोळी गेलो की पहाटे एक चमत्कार पाहायला मिळे. मामी पडवीत भिंतीला टेकून बसलेली असे. समुद्रात एकामागून एक होड्या परतत. मला सगळ्यांची तडतड सारखीच वाटे. मध्येच मामी उठे आणि म्हणे, "इले." ती तांदूळ वैरी. भात उतरेपर्यंत मामा अंगणात हजर! मामीचा कान कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

मामा २०१७ साली गेला, तोही घरात, अंथरुणावर. मशीन मामेभावाकडे आले. दोन वर्षांपूर्वी त्याने ते भंगारात काढून नवे घेतले: चार स्ट्रोकचे, दोन सिलिंडरचे. आणि मामीचा कान बहिरा झाला. म्हणजे कान शाबूत होता. ऐकण्यासारखे काही उरले नव्हते. मुलगा आला की नाही हे तिला कळेना. ती रात्री दोनदोनदा उठून बाहेर जाऊ लागली. वैशाखात एके पहाटे बॅटरी घेऊन ती एकटीच किनाऱ्यावर गेली, पसरलेल्या दोरखंडात पाय अडकला आणि मनगट मोडले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दीड महिना हात प्लास्टरमध्ये.

"फोन आहे की!" मी म्हणालो.

"फोन दिलंय तिका. ती म्हणता, फोन तू सांगशीत ता सांगता. मशीन जा आसा ता सांगता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. हत्यारांची पेटी भरली आणि निघालो. ही म्हणाली, "चौतीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडे कोणी काही ऐकायला मागितले. नीट करून द्या."

नवे मशीन पाहिले आणि कारागीर म्हणून मला हात जोडावेसे वाटले. जुने मशीन दोन स्ट्रोकचे. त्यात दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. चार स्ट्रोकच्या यंत्रात दोन फेऱ्यांना एक. दोन सिलिंडरचे मशीन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी सावकाश फिरत असेल, तर जुन्याचे सेकंदाला ३० ठोके पडत, नव्याचे १५. शिवाय जुन्याचे ठोके टोकदार, नव्याचे गोलमटोल. हे गोलमटोल ठोके समुद्राच्या घोषात विरघळून जातात, जसे ताकात पाणी.

आणि सायलेन्सर कोणता म्हणाल, तर समुद्रच! अशा मशीनचा धूर पायातून खाली उतरतो आणि फिरणाऱ्या पंख्याच्या मधल्या पोकळ तुंब्यातून पाण्यात सुटतो. पाण्यात गेलेला आवाज परत हवेत यायला बघेल तर हजारातला जेमतेम एक भाग पार होतो. बाकीचा पृष्ठभागाच्या आतल्या बाजूने आपटून पुन्हा खाली. मी चौतीस वर्षे पत्रे वाकवून जे साधले नाही ते इथे फुकट झाले होते. फक्त होडी सावकाश चालताना पाण्याचा दाब धुराला अडवतो, म्हणून पायाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या वर, एक लहान भोक ठेवलेले असते. तिथून थोडा धूर आणि थोडी पुटपुट बाहेर येते. आमचे सारे राजकारण त्या भोकाभोवती चालणार होते.

त्यात वाराही मामीच्या विरुद्ध. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. वारा पाण्यालगत मंद असतो आणि वर जोरकस. म्हणून त्याच्या तोंडावर येणारा आवाज वर उचलला जातो आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. जुने मशीन इतके भांडखोर होते, की ते वाऱ्यालाही दाद देत नसे. नवे सभ्य, ते वाऱ्यापुढे गप्प बसे.

वाचकहो, या मशीनच्या जन्माचीही एक गोष्ट सांगतात. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला ओले एविनरूड नावाचा एक कारागीर होता. एकदा विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी सहलीला गेला असता त्याच्या बेस नावाच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खावेसे वाटले. गडी वल्ही मारीत पलीकडे गेला आणि वल्ही मारीत परत आला. तोवर आइस्क्रीमचे पाणी झाले होते. त्या तिरमिरीत त्याने होडीला इंजिन लावायचे मनात घेतले. पुढे बेस त्याची बायको झाली आणि १९०९ साली त्याचे मशीन विक्रीला आले: दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडून द्या; पण मला ती पटते. काठावर कोणी तरी बाई वाट पाहत बसलेली असल्याशिवाय हे यंत्र पुरे होत नाही.

आम्ही कामाला लागलो. पहिल्या दिवशी त्या लहान भोकाच्या आतला आवाज अडवणारा पडदा काढला. मामेभावाने दोरी ओढली. मशीन दमेकरी म्हाताऱ्यासारखे घरघरू लागले. पण वीसपंचवीस हात दूर गेले की लाटांत बुडाले.

दुसऱ्या दिवशी मालवणात जाऊन तांब्याची नळी आणली आणि एका वेल्डिंगवाल्याकडून ती कोपरा घालून भोकावर बसवून घेतली. इथे बासरीचा नियम लागतो: एका टोकाला बंद असलेली अर्ध्या मीटरची नळी साधारण १७० कंपनांचा सूर धरते, लांबी कमी केली की सूर चढतो, धूर तापला की आणखी चढतो. नळी बोट बोट कापत मी सूर लावीत बसलो. पोरे भोवती जमली. एक म्हणाला, "काका, नाट्यगीत वाजतला काय?" नळी सावकाश चालीत छान भरघोस बोलू लागली. पण होडीने वेग घेतला की धूर पंख्यातून पाण्यात जाई आणि माझी बासरी मुकी होई.

तिसऱ्या दिवशी मी मोठे धाडस केले. भोक रुंद केले, म्हणजे वेगातही थोडा धूर वर यावा. आता मात्र मशीनने असा गळा काढला, की माडांवरचे कावळे उडाले. मामेभाऊ खूश. एक फेरी मारून तो परत आला तेव्हा सदरा काजळीमिश्रित पाण्याने भिजला होता आणि डोके धरले होते. दुपारचा खारा वारा मागून येत होता. त्याने सगळा धूर होडीतच आणून टाकला होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला सांगून मारीत नाही. मी नळी उंच करून तोंड मागे वळवले, आणि मनात मात्र चरकलो. आवाज वाढवण्यात माझा हात बसलेला नाही हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

चौथ्या दिवसाची पहाट. मामेभाऊ रात्री गेला होता. मामीच्या शेजारी मी पडवीत बसलो. मनगट जुळले होते. पण ती ते दुसऱ्या हाताने धरून बसायची, जशी तिथे कोणाची नाडी पाहते आहे. काळोखात लांबवर कुठे कुठे पुटपुट. मग संगमाच्या बाजूने आमचे मशीन आले. काय तो आवाज! छाती फुगवून मी मामीकडे पाहिले.

"ह्या खंयचा?" मामी म्हणाली. "टुरिस्टांचा?"

"मामी, आपलेच! तुझा मुलगा आला."

मामी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आवाज मोठो केल्यान. पण थांबलो खंय तो?"

"कुठे थांबायचे?"

"संगमार."

चहा पिताना ती बोलली. मामेभाऊ समोरच बसला होता. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूची पट्टी पाण्याखाली असते. दर पावसाळ्यात तिची जागा बदलते. लाट त्या पट्टीवर उभी राहते आणि फुटते. मामाच्या थोरल्या भावाची होडी तिथेच आडवी झाली होती. मामेभाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता. मामी नवी नवरी होती. घर इतके जवळ, की होडी उलटलेली दिसत होती आणि काही करता येत नव्हते.

"तेच्या मागसून तुझे मामा थंय थांबत," मामी मला म्हणाली. "मशीन बारीक करीत. तीन लाटा जावक देत. मगे एकदम वाढवीत आणि भितर येत. माका मशीनाचो आवाज कित्याक व्हयो? सगळ्यांची मशिना आरडत. बारीक झाला, थांबला, वाढला, म्हणजे ते इले."

आम्ही दोघे खाली पाहत राहिलो. इतकी वर्षे आम्ही जिला मामीचा चमत्कारी कान समजत होतो, तो यंत्राचा आवाज ओळखत नव्हता. तो एका माणसाचे थांबणे ओळखत होता.

"आये, नव्या मशीनाक दम आसा," मामेभाऊ अखेर म्हणाला. "थांबूची गरज नाय."

"मशीनाक दम आसा," मामी म्हणाली. "लाटेक पण आसा."

एवढेच. ती पेले घेऊन आत गेली.

त्या दुपारी आम्ही नळी उतरवली. रुंद केलेले भोक मालवणच्या वेल्डिंगवाल्याने भरून दिले, पडदा जागेवर बसवला. आमच्या चार दिवसांच्या संशोधनातून अर्धा मीटर तांब्याची नळी आणि एक काळा पडलेला सदरा उरला. पोरांनी नळी फुंकायला नेली.

दुसऱ्या पहाटे पुन्हा पडवी. मतलई वाहत होता. सात होड्या आल्या असतील. मला एकही धड ऐकू आली नाही. चौतीस वर्षे कारखान्यात काढलेले माझे कान. त्यांच्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. लाट फुटे, ओसरे, पुन्हा फुटे. मामी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. एकाएकी तिने हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. मी गप्पच होतो. एक लाट फुटली. दुसरी. तिसरी.

"गो, तांदूळ वैर," मामीने सुनेला हाक मारली आणि ती उठली.

ती उभी राहिल्यावर मग मला ते ऐकू आले: पाण्यावरून एकदम वाढलेली, मऊ, दमदार घरघर, आणि लगेच उतरलेली. होडी आत आली होती. मशीन तेच, जगातले सभ्यातले सभ्य. हात तेवढा बदलला होता. मामेभाऊ अंगणात आला तेव्हा त्याने आईकडे पाहिले नाही, तिनेही त्याच्याकडे पाहिले नाही. टोपलीत बांगडे होते. भात उतरत होता.

कोजागरी आटोपून मी पुण्याला आलो. रात्री जेवणे झाली. मुलगी कामावरून यायची होती. साडेदहाला पाणी प्यायला उठलो तर ही गॅलरीत अंधारात उभी.

"झोपत का नाहीस?"

"येईल ती आता."

"मग आली की कळेल."

"कसे कळेल?" ही म्हणाली. "जुनी स्कूटर कोपऱ्यावर वळली की कळायचे. मी आपली अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायची. आमटी गरम करायला ठेवायची. ही नवी कधी येते ते फाटकात दिसेपर्यंत समजत नाही. तुम्ही पेढे वाटायला निघाला होतात."

वर्षभर ती गॅलरीत उभी राहत होती आणि मी आत शांततेत घोरत होतो.

मी काही केले नाही. म्हणजे हत्यारांची पेटी उघडली नाही. मुलीला फक्त देवबागची हकीगत सांगितली. ती ऐकून हसली, मग हसायची थांबली. आता रात्री फाटकाशी आली की ती लोखंडी कडी दोनदा आपटते. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी इमारतीच्या शांततेचा भंग होतो अशी चिठ्ठी मला पाठवली. 'आपण तर या विषयातले तज्ज्ञ' असेही तीत लिहिले आहे. चिठ्ठी टेबलावर पडून आहे. मी उत्तर दिलेले नाही.

साडेदहा वाजत आले की आवाज मारण्यात आयुष्य घालवलेला मी उशीवर एक कान मोकळा ठेवून पडतो. कडी वाजते: एकदा, मग पुन्हा एकदा. स्वयंपाकघरात दिवा लागतो आणि आमटी शेगडीवर चढते.